ओढ्याकाठची शिवण

कुणीतरी आपले दोन्ही पाय धरून आपल्याला ओढतंय, हे यागोदाच्या लक्षात आलं तेव्हा ती निम्मी कपारीबाहेर आली होती.

ती किंचाळली. ओढणाराही किंचाळला. तेवढ्यात तिच्या एका पायातला गमबूट निसटून त्याच्या हातात राहिला, आणि तो महाभाग तोल जाऊन मागच्या मागे ओढ्यात बसला... चांगला कमरेपर्यंत.

"तू... जिवंत आहेस?" बुटासकट त्यानं विचारलं.

"आत्तापर्यंत तरी होते!" यागोदा उठून बसली. केसांतून पाणी निथळत होतं, मानेत चिखल गेला होता. "हे काय चाललंय तुझं?"

"अगं, दगडाखालून नुसते दोन पाय बाहेर दिसत होते. हलतसुद्धा नव्हते. मला वाटलं, गेली बिचारी."

"बिचारी काम करत होती! बूट दे माझा."

त्यानं बूट दिला. देण्याआधी मात्र तो उलटा करून आतलं पाणी ओतून टाकलं, आणि आत एक बेडकाचं पिल्लू होतं तेही अलगद काढून काठावर ठेवलं. यागोदा रागावलेली होती, तरीही हे तिनं पाहिलं. मुली अशा वेळी नेमकं असलंच काहीतरी पाहतात.

त्याच्या जॅकेटवर व्रोत्सवाफ विद्यापीठाचा बिल्ला होता, पट्ट्याला हातोडी लटकत होती. म्हणजे हाही भूशास्त्राचाच विद्यार्थी. मग तर त्याला माफीच नव्हती.

"तुमच्याकडे थराचं पोट बघायला शिकवत नाहीत वाटतं?" तिनं विचारलं.

"शिकवतात की. पण आम्ही ते कोरड्यानं बघतो."

"कोरड्यानं बघून काय दिसणार?"

त्यात तिचं चूक नव्हतं. बेस्किदच्या डोंगरांतले हे वाळूचे दगड म्हणजे एका जुन्या समुद्राचा तळ. तळातल्या चिखलाला प्रवाहानं खड्डे पाडले, त्यांत वाळू भरली आणि वाळूचा दगड झाला. म्हणून थराच्या पोटाला बोटांसारखे फुगवटे असतात आणि पाठ मात्र गुळगुळीत असते. फुगवटे खाली असतील तर थर सुलटा. ते आभाळाकडे तोंड करून असतील, तर डोंगर उभा राहताना थर पालथा पडलाय असं समजायचं.

"मग? आहेत का फुगवटे?" त्यानं विचारलं.

"नाहीत. खालून एकदम गुळगुळीत. म्हणजे थर उलटे आहेत."

"शक्यच नाही! पलीकडचा काठ माझ्या नकाशात आहे. तिथं सगळे सुलटे आहेत."

"खालून पाहिलेस?"

त्यानं हातोडी पट्ट्यात नीट अडकवली. मग म्हणाला, "...वरून."

"वरून!" यागोदा एवढंच म्हणाली, आणि बुटात पाय घालून पुन्हा दगडाखाली सरकली.

"माझं नाव कोर्नेल," तो तिच्या पायांना म्हणाला.

पायांनी उत्तर दिलं नाही. पण डावा पाय किंचित हलला, असं कोर्नेल पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत असे.

त्या जुलैत ओल्शोव्का गावची शाळा सुट्टीमुळे रिकामी होती, आणि तिच्यात क्राकोवचे आणि व्रोत्सवाफचे विद्यार्थी नकाशे काढायला उतरले होते. डोंगराचे तुकडे पाडून प्रत्येकाला एकेक वाटून दिला होता. शेवटच्या दिवशी व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर सगळे नकाशे शेजारी शेजारी मांडायचे. याला मुलं ‘शिवण’ म्हणायची. तुझ्या नकाशातली थराची रेघ शेजाऱ्याच्या नकाशात बिनचूक शिरली पाहिजे. नाही शिरली, तर शिवण उसवली, आणि मग दोघांनीही विल्चेक मॅडमच्या समोर उभं राहायचं. मॅडम लहानखुऱ्या होत्या, आवाज कधी चढवत नसत, आणि तरीही त्यांच्यापुढे दाढीवाली पोरं अंग चोरून उभी राहत.

यागोदाची शिवण गेल्या वर्षी जुळली होती. तिथंच तर सगळं बिनसलं.

गेल्या वर्षी शेजारच्या नकाशावर ओस्कार होता. ओस्कार तिचा... म्हणजे तेव्हा तिचाच होता. "तुझी रेघ जराशी माझ्याकडे वळव ना, राणी, म्हणजे दोघांचं जुळेल," असं तो म्हणाला, आणि हिनं वळवली. प्रेमात माणसानं एवढंही करायचं नाही का? शिवणीच्या दिवशी मॅडमनी त्या वळणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही रेघ इथं का वळली?" यागोदाकडे उत्तर नव्हतं. ओस्कारकडे तोंडभर उत्तरं होती. तो पास झाला, ती नापास झाली, आणि सफरचंदं उतरवायच्या आधीच तो दुसऱ्या कुणाचा झाला.

यंदा दुसऱ्यांदा नापास झाली, तर विद्यापीठातून तिचं नाव जाणार होतं. तार्नूवला, तिच्या गावी, वडिलांचं चष्म्यांचं दुकान होतं. वडील चांगले होते, एका शब्दानं बोलले नव्हते. त्यांनी फक्त काउंटरमागं एक नवी खुर्ची आणून ठेवली होती. त्या खुर्चीची यागोदाला भूतापेक्षा जास्त भीती वाटायची.

म्हणून यंदा तिनं ठरवलं होतं: कुणाचं ऐकायचं नाही, आणि शेजारी कोण आहे ते बघायचंसुद्धा नाही.

पण शेजारी रोज समोरच्या काठावर हजर! ओढा कसला, दोन उड्यांत पार होईल एवढाच. ती मोजमाप घ्यायला वाकली की पलीकडून आवाज यायचा, "आज जिवंत आहेस ना?" आणि दुपारी तो पाण्यातल्या धोंड्यांवरून टुणटुणत अलीकडे यायचा. पावाला चरबी फासलेली, वर मिठातली काकडी... बोझेनामावशी, म्हणजे शाळेतली स्वयंपाकीण, त्याला नेहमी दोन काप जास्त बांधून द्यायची.

"तुझ्यावर तिचा इतका जीव का?" यागोदानं एकदा विचारलं.

"मी तिच्या सुपाला चांगलं म्हणतो."

"सगळेच म्हणतात."

"मी परत मागूनही घेतो. प्रेम असं सिद्ध करावं लागतं."

यागोदा पाव खात राहिली. हसू येऊ नये म्हणून तिनं जरा मोठा घास घेतला.

एकदा त्यानं काळपट दगडाचा एक कपचा तिच्यापुढे धरला. "चाटून बघ."

"तू आधी चाटलायस का?"

"अर्थातच."

"शी!"

"दातांखाली कचकचलं तर गाळ, लोण्यासारखं लागलं तर चिकणमाती. मला ठरवता येत नाहीये गं. खरंच."

तिनं दगडाची दुसरी बाजू शोधली, डोळे मिटले आणि दाताच्या टोकानं कपचा कुरतडला. डोळे उघडले, तर तो दगडाकडे नाही, तिच्याकडे बघत होता... आणि नजर काढायला त्याला अंमळ उशीरच झाला.

"चिकणमाती," ती म्हणाली. आवाज कसा कोण जाणे, बारीक निघाला.

"हो का," तो म्हणाला. "मलाही तसंच वाटलं होतं."

इतर मुलींना फुलं देणारे मित्र मिळतात आणि आपल्या नशिबी हा उष्टा दगड, असं तिनं मनाशी म्हणून पाहिलं. मन काही केल्या वाईट वाटून घेईना.

शिवण दोन दिवसांवर आली तेव्हा जेवणघराच्या बाकावर दोघांनी नकाशे जवळ सरकवून पाहिले. कोर्नेलचा नकाशा म्हणजे चित्र होतं नुसतं, रंग कुठं म्हणून रेघेबाहेर गेला नव्हता. त्याचे मित्र तर आधीपासूनच त्याला पहिला नंबर देऊन मोकळे झाले होते. पण ओढ्याशी येऊन त्याचे थर एका दिशेला जात होते आणि यागोदाचे नेमके उलट्या.

दोघांनी कागद पुन्हा एकदा लावून पाहिले. मग कोर्नेलनं खोडरबर उचललं.

"हे बघ... मी माझी रेघ वळवतो. तुझी दुसरी खेप आहे, तुझं पास होणं जास्त महत्त्वाचं. माझं काय, निभावून जाईल."

यागोदा ताडकन उठली. बाकावरचा फळांच्या कॉम्पोटचा पेला कलंडता कलंडता राहिला.

"खबरदार! ठेव ते खाली!"

"अगं, पण तुझ्यासाठीच —"

"माझ्यासाठी? माझ्यासाठी रेघ खोडशील आणि मी परत तिथं उभी राहून काय सांगू? हा मुलगा फार चांगला आहे म्हणून डोंगर वळला? मला नकोय असलं प्रेम!"

प्रेम हा शब्द तोंडातून निसटला आणि अख्खं जेवणघर शांत झालं. बोझेनामावशीचा डाव हवेतच थांबला. यागोदाचे कान लालबुंद झाले, पण ती मागे हटली नाही.

"रेघ खोडायची असेल तर आधी दगड बघ," ती म्हणाली. "खालून. माझ्यासारखा पाण्यात पडून बघ."

"बरं," कोर्नेल हळूच म्हणाला. "उद्या सकाळी."

सकाळी पावसानं झोडपायला सुरुवात केली. ओढा फुगला होता आणि पाणी असं गार, की दात वाजावेत. कोर्नेल जॅकेट काढून निमूट उताणा झाला आणि कपारीखाली सरकला. आता त्याचे पाय बाहेर होते, आणि काठावर यागोदा.

"गुळगुळीत आहे," आतून आवाज आला.

"सांगितलं नव्हतं?" तिला नाचावंसं वाटत होतं.

तो बाहेर आला. ओठ निळे पडले होते. त्यानं डोळ्यांवरचं पाणी पुसलं, वर पाहिलं... आणि तसाच वर बघत राहिला.

"काय झालं?"

"यागोदा... झाडं बघ."

तिनं पाहिलं. कपारीच्या वरच्या उतारावरची सगळी स्प्रूसची झाडं तिरकी होती. एक इकडे झुकलेलं, एक तिकडे, खोडं बुंध्याशी वाकून मग सरळ झालेली. गावकरी अशा रानाला दारुडं रान म्हणत. त्याचा अर्थ पहिल्या वर्षाचं पोरही सांगू शकेल: उतार घसरलाय. झाडांसकट, मातीसकट, आणि ज्या कपारीखाली यागोदा इतके दिवस भिजली होती त्या कपारीसकट. घसरून आलेल्या तुकड्याची साक्ष कुणी धरत नाही. तो मुळात कसा होता, कुणी सांगावं?

इतके दिवस ती खाली मान घालून दगडच बघत राहिली होती. मान वर करून झाडं काही पाहिली नव्हती.

ती मटकन धोंड्यावर बसली. पावसात रडण्याचा एक फायदा असतो, कुणाला कळत नाही. पण कोर्नेलला कळलं.

"हे तू सांगायलाच हवं होतं का?" ती म्हणाली. "मॅडमच्या लक्षात आलंही नसतं कदाचित."

"तूच म्हणालीस ना, दगड बघ म्हणून? मी बघितला." तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "काल मी खोटं वागायला निघालो होतो तर ओरडलीस. आज खरं सांगितलं तर रडतेस. माणसानं करायचं तरी काय?"

तिला त्याचा संताप आला. त्याच क्षणी तिला पक्कं कळलं की हा आपल्याला आवडतो, अगदी मनापासून आवडतो, आणि आता यावर इलाज नाही. ओस्कारनं तिला कधी खरं सांगितलं नव्हतं.

तिनं नाक ओढलं. "चल."

"कुठं?"

"वर. घसरण जिथं संपते तिथं. तिथं मूळचा दगड असेलच की!"

ते ओढ्यातूनच वर चढत गेले. झाडं सरळ होईपर्यंत थांबायचं नाही, असं यागोदानं बजावलं. आणि एका वळणावर झाडं खरोखरच सरळ झाली, शाळेत हजेरीला उभी राहिल्यासारखी. तिथं पाणी एका जाड थरावरून खाली उडी घेत होतं. थर दोन्ही काठांत खोल घुसलेला होता. हा काही हललेला नव्हता.

थराखाली हात जाईना, पाण्याचा जोर फार. मग यागोदानं उलटा विचार केला. पोट खाली दिसत नसेल, तर वरची बाजू तरी बघावी! वरती वीतभर शेवाळ माजलं होतं. तिनं त्यात बोटं खुपसली आणि घोंगडी उचलावी तसा एक पट्टा सोलून काढला.

बोटांखाली काहीतरी लागलं. एक उंचवटा... त्याला लागून दुसरा... मग तिसरा. सगळे एकाच दिशेला निमुळते.

तिनं कोर्नेलचा हात धरला आणि शेवाळाखाली नेऊन ठेवला.

त्याची गारठलेली बोटं फुगवट्यांवरून हळूहळू फिरली. वर तिचा हात तसाच होता. तो काढायचा राहून गेला, की काढावासा वाटला नाही, हे दोघांनीही विचारलं नाही.

"पोट," तो पुटपुटला. "आभाळाकडे..."

"उलटा आहे," ती म्हणाली. "कोर्नेल, उलटाच आहे!"

त्यानं एका उडीत पलीकडचा काठ गाठला आणि आपल्या बाजूचं शेवाळ स्वतः सोललं. "इथंही तेच!" तो ओरडला. मग तो मोठ्यानं हसायला लागला. "संपलं! माझा अख्खा नकाशा पालथा झाला! एवढा रंगवला होता गं मी..."

"वाईट वाटतंय?"

"नकाशाचं? फार." त्यानं तिच्याकडे पाहिलं. पापण्यांवरून पाऊस गळत होता. "बाकी कशाचंच नाही."

शाळेत परतले तेव्हा बोझेनामावशी कमरेवर हात ठेवून दारातच उभी होती. "अख्खा ओढा अंगावर घेऊन आलात की! आधी गरम सूप, मग कपडे, आणि मग काय ते प्रेमबिम. उलटं केलंत तर याद राखा."

सूप झाल्यावर यागोदानं आपला नकाशा उचलला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कोर्नेलकडे पाठ करून बसली. "माझी मी काढणार. तुझी तू काढ. वळून बघायचं नाही." तो वळला नाही. तीच दोनदा वळली, पण ते नकाशासाठी नव्हतं.

शिवणीच्या दिवशी सगळे मोजे घालून व्यायामशाळेच्या जमिनीवर उभे होते. विल्चेक मॅडम नकाशांच्या कडेकडेनं चालत आल्या आणि ओढ्यापाशी थांबल्या. यागोदाची रेघ कोर्नेलच्या नकाशात सरळ शिरली होती, केसाचंही अंतर नव्हतं. शेजारच्यांनी टाळ्या वाजवायला हात उचलले.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "इतकी चांगली जुळलेली शिवण पाहिली की मला शंका येते. यागोदा, गेल्या वर्षी तू एकाची रेघ घेतली होतीस. यंदा कुणाची घेतलीस?"

मागून कुणीतरी खुसखुसलं. यागोदाच्या डोळ्यांसमोर काउंटरमागची ती खुर्ची उभी राहिली. कोर्नेल पुढे सरकला. "मॅडम, ती —"

"तुला नाही विचारलं."

यागोदानं श्वास घेतला. "कुणाची नाही. माझीच आहे. पण आधी मी चुकले होते, मॅडम."

"म्हणजे?"

"रेघ हीच होती, पण पुरावा खोटा होता. मी घसरलेल्या कपारीचं पोट बघत बसले. वरची झाडं तिरकी होती, ती पाहिलीच नाहीत. कोर्नेलनं दाखवली, नाहीतर मी आज तोच पुरावा छाती ठोकून सांगितला असता. मग आम्ही वर गेलो. झाडं सरळ झाली तिथं मूळचा थर सापडला. शेवाळ काढलं, तर फुगवटे वरच्या अंगाला. दोन्ही काठांना." ती थांबली. "तुम्ही चला हवं तर. मी दाखवते. शेवाळ मी परत लावून ठेवलंय."

मॅडमनी वाकून तिच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग कोर्नेलच्या नकाशाकडे वळल्या. त्या देखण्या चित्राची पार रया गेली होती. खोडून खोडून कागद फाटायला आला होता, हिरव्यावर तपकिरी रंग चढला होता.

"आणि हे काय केलंस?"

"मी आधी वरून बघत होतो, मॅडम."

"हं." मॅडमच्या ओठांची कड हलली. "पहिला नंबर गेला तुझा."

"हो, मॅडम."

"यागोदा," त्या म्हणाल्या, "पास. आपली चूक तोंडानं सांगणारा भूशास्त्रज्ञ मला दर वर्षी मिळत नाही." आणि त्या पुढच्या नकाशाकडे गेल्यासुद्धा.

मैत्रिणींनी यागोदाला मिठ्या मारल्या, कुणी हातोड्या बडवल्या. वडिलांना फोन लागला. ते म्हणाले, "खुर्चीचं काय, मांजराला आवडते ती." ती हसली आणि रडलीही.

दुपारी व्रोत्सवाफची बस आली. सामान चढू लागलं, नावं पुकारली जाऊ लागली. यागोदा शाळेच्या मागच्या पायरीवर जाऊन बसली. निरोपबिरोप तिला जमत नसे. आणि आनंदातही एक काटा सलत होता... एकदा खोडरबर हातात घेतलेला मुलगा तो. पलीकडच्या काठाचं शेवाळ त्यानं एकट्यानं सोललं होतं. तिथं फुगवटे खरंच होते ना? की तिच्याकडे पाहून तो नुसता हो म्हणाला होता?

बसचा हॉर्न वाजला. इंजिनाचा आवाज गावाच्या वळणापर्यंत गेला आणि विरून गेला. पाऊसही उघडला होता. मागच्या दाराची कडी वाजली.

कोर्नेल पाठीवर सॅक घेऊन उभा होता.

"तुझी बस गेली," यागोदा म्हणाली.

"पाहिलं मी."

"मग?"

त्यानं सॅक पायरीवर ठेवली. यागोदा उभी राहिली. विचारायलाच हवं होतं, नाहीतर आयुष्यभर सलत राहिलं असतं. "खरं सांग. तू नकाशा माझ्यासाठी बदललास का?"

"नाही," कोर्नेल म्हणाला. तिच्या डोळ्यांत सरळ बघून, अजिबात न अडखळता. "नकाशा दगडासाठी बदलला. तुझ्यासाठी... तुझ्यासाठी बस सोडली."

यागोदानं त्याच्या जॅकेटची कॉलर दोन्ही हातांनी धरली आणि त्याला आपल्याकडे ओढलं. या खेपेला कुणी किंचाळलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोझेनामावशीनं पाहिलं, पडदा ओढून घेतला, आणि सुपात एका माणसाचं पाणी वाढवलं.